घरी सांगितलंत का?

शनिवार, १४ जून

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. धाकटीला म्हणावं, मामाही गणितात असाच ढ होता, तरी पोटापाण्याला लागला.

तू विचारलंस, त्या केंद्रात दिवसभर नक्की करतोस काय. ऐकतो, ताई. मुलावर जीव जडलेले मुलगे, मुलीवर जीव जडलेल्या मुली, घरी बोलता येत नाही ते आमच्याकडे येऊन बोलतात. मग कुणाला डॉक्टरकडे ने, कुणाच्या आईबापांची समजूत घाल, असं चालतं.

मार्चमध्ये एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. एकदा सुरू झाली की थांबत नाही, म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो. तिचं एका मुलीवर प्रेम आहे. ते वडिलांना कसं सांगायचं याची तिने सगळा मे महिना तालीम केली. मी समोरच्या खुर्चीत वडील होऊन बसायचो. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "सर, तुम्ही तुमच्या घरी सांगितलंत का?"

मी हो म्हणालो. वर हेही सांगितलं, की ताई थोडी रडली आणि मग तिने मला जेवायला वाढलं.

तेवढ्यावर विसंबून तिने घरी सांगितलं. बुधवारी तिचे वडील केंद्रात आले, तिची बॅग माझ्या टेबलाशी ठेवली आणि निघून गेले. ती आता आमच्या वसतिगृहात आहे. काल मी तिला खरं सांगून टाकलं. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही स्वतः घाबरलात आणि मला पुढे पाठवलंत."

ताई, गुडघा आणि गणित यांच्या आड किती वेळ लपू? गेली सात वर्षं तू ज्याला माझा रूम पार्टनर म्हणतेस, ज्याच्यासाठी स्वेटर विणलास, तो माझा जोडीदार आहे. तू आणलेलं एकेक स्थळ मी नोकरीची सबब सांगून टाळलं, ते यासाठी. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुझ्या मनातून उतरेन याची मला चाळिशीतही फार भीती वाटते.

आज पत्र टाकतोय, हे त्या मुलीला माहीत आहे. ती रोज विचारणार. या वेळी तू जे लिहिशील तेच तिला वाचून दाखवीन, जसंच्या तसं.

उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
धाकटा