चार नंबरच्या घंटेचं लंगडणं

ती. दाजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार (वाकून हे लिहिण्यापुरतंच, पाठीचं काय झालं ते पुढे येईल). तुमची नवी कवळी नीट बसली का, असं ही विचारते आहे. घरात दातांची डॉक्टर असली की साऱ्या जगाची ख्यालीखुशाली दातांपासून सुरू होते. तुमचं बाकीचं शरीरही बरं असेल, अशी आशा मी माझ्यातर्फे करतो.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. मधे आमच्या घरावर जी अवकळा आली होती तिचं कारण चर्चच्या मनोऱ्यात टांगलेलं होतं. तिथे सहा घंटा आहेत. प्रत्येकीला एक मोठं चाक, चाकाला दोर आणि खालच्या खोलीत त्या दोराला एक माणूस. दोर ओढला की घंटा पुरी गिरकी घेते आणि एकदाच वाजते. पुन्हा ओढला की उलटी गिरकी आणि पुन्हा एकदा. सहाही जणी एकीमागून एक सारख्या अंतरानं वाजल्या पाहिजेत, एवढीच अट. (मी शाळेत गणित शिकवतो, तरी सांगतो, एक ते सहा मोजण्यासारखं अवघड काम नाही.) दोन नंबरचा दोर माझा, आणि चार नंबरचा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. आप्पांनी जन्मभर न्हाव्याचं दुकान चालवलं. अर्ध्या गावाची मान त्यांच्या वस्तऱ्याखाली गेली आणि सुखरूप परत आली.

तर ही चार नंबर लंगडायला लागली. जाताना वेळेवर वाजायची, येताना रेंगाळायची. आमचा म्होरक्या म्हणजे चौकातला बेकरीवाला. माणूस मऊ, पण त्या दिवशी त्यानं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आप्पा, आता जरा बसून ऐकत जा की." आप्पांनी दोर खुंटीला अडकवला. घरी आले, जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वस्तरा धुऊन, पुसून कपाटात ठेवून दिला. आपला हात आपल्याच गळ्याजवळ न्यायची त्यांना भीती वाटत होती, दाजी. ते बघवत नव्हतं.

हिनं त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला आणि म्हणाली, "धरा." त्यांनी धरला. थेंब हलला नाही. "हात ठणठणीत आहे," ही म्हणाली, "आता दुसऱ्या रोग्याला बघते."

आधी तिनं स्वतः चार नंबर ओढून पाहिली. तशीच लंगडली. मग ही वर घंटेपाशी असताना खालून दोर हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो जोरात ओढला आणि सोडायला विसरलो. घंटेनं मला उचलून छतापर्यंत नेलं (बेकरीवाला म्हणतो, गुडघाभरच) आणि पाठीवर आदळलं. ही वरून ओरडली, "दोराला काही झालं नाही ना?"

कण्हत वर गेलो तर ही कबुतरांच्या घाणीत उताणी पडून घंटेच्या तोंडात डोकं घालून होती. मी बॅटरी धरली. ही हळूच घंटा एका बाजूला ढकलायची. आतला लोलक कडेला टेकला की चाकावर खडूची रेघ. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन्ही रेघा मधल्या खुणेपासून सारख्या हव्यात, पण एक रेघ बोटभर लांब होती. लोलक ज्या खिळीवर झुलतो ती एका अंगाला सरकली होती, बस्स! हिनं नट सैल केला, खिळी केसभर हलवली, आवळली. वाजवली, तर आता दुसऱ्या पायानं लंगडायला लागली. मी तिथेच हात टेकले असते. ही हसली, आणि पुन्हा आत शिरली. त्या डोक्यावरच्या अजस्र धातूखाली ती अशी निवांत होती, जशी एखाद्या पोराची दुधाची दाढ बघते आहे. दाजी, इतकी वर्षं संसार केला, पण त्या दिवशी मी बायकोकडे नुसता बघत राहिलो.

रविवारी आप्पा गुळगुळीत दाढी करून आले. दोर धरला. चार नंबर आली ती नेमकी आपल्या जागी. जाताना तशीच, येतानाही तशीच. बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. "आप्पा, माझं चुकलं," तो म्हणाला.

"बोलू नकोस," आप्पा म्हणाले, "मोजणी बिघडेल."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण चार नंबर सरळ झाल्यावर सगळ्यांना दुसरंच काहीतरी ऐकू येऊ लागलं. दोन नंबर उशिरा पडत होती. पाचही जण माझ्याकडे बघत होते. मी हिला म्हटलं, माझ्याही घंटेची खिळी बघ. ती लगेच वर गेली, खडू घेऊन. खाली आली आणि मऊ आवाजात म्हणाली, "खिळी अगदी मधोमध आहे हो." (असल्या बातम्या सांगायची तिला सवय आहे.)

असो. ताईला सांगा, आम्ही मजेत आहोत.

तुमचा मेहुणा

ता.क. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न आलं आहे आणि खूप वेळ घंटा वाजवायच्या आहेत. तुम्ही बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचात. ताल तुमच्या अंगातच आहे. तेव्हा दोन नंबरचा दोर तुम्ही घ्यावा. हवापालटाला आलो, असं सांगा.

आणखी ता.क. हिनं पत्र वाचलं. मला म्हणते, "दाजींना त्रास द्यायचा नाही, दोन नंबर तुम्हीच ओढायची." आप्पांनी शिकवणी सुरूही केली. माझ्या खुर्चीमागे उभे राहून माझ्याच पाठीवर ताल देताहेत. तेव्हा येण्याची तसदी घेऊ नका.

ही आत गेली. दाजी, मिळेल त्या गाडीनं या.