ऋषिराजचा आठवा भाग

१२ जानेवारी, वाई

आले बाई एकदाची! सांगलीहून निघताना आईनं भडंगाचा डबा दिला होता, तो साताऱ्यात गाडी बदलेपर्यंत अर्धा संपवला. खोली झकास आहे. खाली घरमालक अण्णा, कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार, एकटेच. वर मी. खिडकीतून गणपतीचा घाट दिसतो आणि तिथं कुठल्यातरी हिंदी पिक्चरचं शूटिंग चालू आहे. वाईत कुणी मान वळवूनही बघत नाही. अण्णांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या हरणाबाई तर तीन पिक्चरच्या गर्दीत उभ्या राहिल्यात. म्हणाल्या, लय उनात हुबं करत्यात, पर जेवान चांगलं असतंय.

माझं काम असं. ऋषिराज वकिलाची मालिका सगळ्यांनी तोंडात बोट घालून बघितली. खुन्यांना सोडवणारा, साक्षीदार फोडणारा हलकट माणूस. आता निर्मात्यांना त्याच्या आधीची गोष्ट हवी आहे. वाईतला सरळ पोरगा असा कसा झाला? एकूण आठ भाग. शेवट ठरलेलाच, कारण पहिल्या मालिकेत कळतं की याच्यामुळे याचे गुरू पसरणी घाटात दरीत पडून गेले. कसे पडले, ते कुणी दाखवलेलं नाही. ते मी लिहायचं. मुंबईहून पुष्कर, आमचा निर्माता, रोज फोन करून सांगतो की ते पटलं पाहिजे. पटेल की! सांगलीची आहे मी.

१६ जानेवारी

अण्णांना कोर्टातलं सगळं तोंडपाठ. रोज चहाला बसून माझी पानं तपासतात, लाल पेनानं. मला ज्ञानदा न म्हणता बाळ म्हणतात. ऋषिराजच्या गुरूत मी त्यांचीच बोलायची ढब घातली, तर लाजले.

माझी एक सवय त्यांना सांगितली. करून बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. आंधळीचं नाटक लिहिताना दोन दिवस डोळ्यांना पट्टी बांधून आईची लोणच्याची बरणी फोडली होती. अण्णा खूप हसले.

२० जानेवारी

दुसऱ्या भागात ऋषिराज गुरूंशी पहिल्यांदा खोटं बोलतो. दोन दिवस पान कोरं. मग मी अण्णांना सांगितलं की तुमचा मुलगा अनीश याचा फोन आला होता, तुमची चौकशी करत होता. अनीश पुण्यात असतो, वर्षभर फोन नाही. अण्णा दिवसभर गुणगुणत होते. संध्याकाळी त्यांनी फोन जवळ घेऊन ठेवला, परत येईल म्हणून.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि त्यानंतर सलग चार प्रसंग लिहून झाले.

२७ जानेवारी

चौथ्या भागात तो पुरावा दडवतो. मी अण्णांचा चष्मा दडवला, एकच दिवस. भिंत चाचपत फिरत होते बिचारे. मी समोर बसून त्यांची बोटं बघत होते. पुष्कर म्हणाला, काय लिहिलंयस गं, लय भारी!

यावेळी वाईट वाटायला थोडा वेळ लागला.

३ फेब्रुवारी

सहावा भाग. तो निरपराध बाईला चोरीत अडकवतो.

अण्णांच्या गेलेल्या बायकोची, शरयूकाकूंची नथ देवघरात असते. ती मी हरणाबाईंच्या पिशवीत टाकली. तासाभरात खरं सांगणार होते, देवाशप्पथ. पण अण्णांना नथ सापडली आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी बघतच राहिले. हरणाबाई रडत म्हणत होत्या, आवं अण्णा, म्या न्हाई घेतली, लेकराची आण. मग माझ्याकडं वळल्या, ताई, तुमी तरी सांगा. मी खाली बघितलं.

गेल्या त्या. बारा वर्षांचं घर सोडून. मी वर आले आणि एका बैठकीत सहावा भाग पुरा केला. इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

७ फेब्रुवारी

सातवाही लिहून मुंबईला गेला. आता आठवा.

स्वयंपाक मीच करते. अण्णा म्हणतात, तू होतीस म्हणून निभावलं.

८ फेब्रुवारी

गुरू कसे जातात? सुचत नाही. सुचू नये. ऋषिराज ढकलतो असं लिहून फाडलं. खोटं वाटतं. करून बघितलेलं नाही ना—

असं कसं लिहिलं मी?

९ फेब्रुवारी

जिन्यात अण्णांच्या मागं उभी होते. दोन पायऱ्या वर. नुसती उभी होते. त्यांनी वळून विचारलं, काय गं बाळ. काही नाही म्हटलं. हात पुसले. हात कोरडेच होते.

मला माझी भीती वाटते. कुणाला सांगू?

११ फेब्रुवारी

पुष्करचे सात फोन. घेतले नाहीत. बॅग भरली, सांगलीला जाते, खड्ड्यात गेली मालिका. अण्णा दारात आले. अर्धवट टाकून जाऊ नकोस म्हणाले. उद्या सकाळी पसरणी घाटात जाऊ, जागा बघितलीस की सुचेल. रिक्षा सांगून आलेत.

नको म्हणायचं होतं. हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, पसरणी घाट, सकाळी साडेदहा

रिक्षावाला पुढच्या वळणावर चहाला गेलाय. अण्णा कठड्यापलीकडं उतरलेत, गुरू कुठं उभे असतील ते दाखवायला. परत या म्हणून ओरडले मी. ऐकत नाहीत. मी दहा हात लांब बसलेय, मुद्दाम. वहीत डोकं घालून. जागची हलणार नाही. काही करणार नाही—

मुरूम घसरला. पाय गेला त्यांचा. झुडूप धरलंय. मी काही केलं नाही, मी इथंच होते.

हात दे म्हणतात.

मी जवळ आले. दोन हातांवर. चष्मा एका कानाला लोंबतोय. अंगठ्याचं नख पांढरं पडलंय. ओरडत नाहीत, उलट मला धीर देतायत, घाबरू नकोस बाळ, नुसता हात— असं कुणाला रचता आलं नसतं—

परत म्हणाले. आता बाळ नाही. ज्ञानदा.

देते. देतेच अण्णा. एवढी ओळ—

मूळ सुटतंय. आवाज येतो त्याचा, बारीक, अगदी—