दो-युनच्या नावाचा फॉर्म

सोल, २४ नोव्हेंबर

प्रिय आई,

मी मजेत आहे, खोलीही उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

दो-युनचा फॉर्म मिळाला. जपानीतून आपल्या भाषेत आणलेले पंचवीस प्रश्न. खोलीत कोंडून घेतलेला माणूस जगापासून किती तुटलाय, ते त्यावरून मोजतात. फोनवर म्हणालीस, “अगं, त्यानंच भरलाय, शपथ!” दाराबाहेरच्या ताटाकडे न बघणारा माझा भाऊ पंचवीस प्रश्न सोडवतो? आणि कागदावर तिखटाची बोटं कोणाची?

‘माणसं टाळावीशी वाटतात’ – अगदी खरं. ‘मनातलं बोलायला कोणी नाही’ – अगदी खरं. इथे तर पेन्सिलीनं कागद फाटलाय.

उत्तरं खोटी नाहीत, आई. फक्त त्याची नाहीत.

तो कॅनडात शिकतोय, असं शेजारणींना तूच सांगितलंस. तेव्हापासून जिन्यात त्यांचा आवाज आला की तू घरातच थांबतेस. यंदा त्यांच्यासोबत कोबीची तिखट किमची घालायलाही गेली नाहीस ना?

फॉर्म दाखवला तेव्हा समुपदेशन केंद्रातल्या बाई म्हणाल्या, “गुण फार आलेत. या माणसाला लगेच भेटायला हवं.”

रविवारी येतेय. दो-युनचं दार राहू दे. तू तुझं उघड.

तुझीच,
आ-रम