मिलोच्या पिठावर शिकलेला हात

माय, कळंबच्या शाळेत आज माझा कॉम्प्युटरचा पहिला तास झाला. कॉम्प्युटर म्हणजे काय हे नीट सांगायला बसले तर संध्याकाळ जाईल, म्हणून एवढंच सांगते: खाली अक्षरांची बटणं, वर काचेची पाटी, असं ते यंत्र आहे. आपण सांगू तेवढंच ते करतं, आणि सांगायचं तेही त्याला कळणाऱ्या भाषेतच सांगावं लागतं. अशा भाषा बऱ्याच आहेत. ज्या पोरांनी हे यंत्र कधी पाहिलंच नाही त्यांना त्यातली कोणती पहिली शिकवायची, हे ठरवायचं काम माझ्यावर आलं होतं. गेला महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरातली मी पहिली पदवीधर, त्यात शहरात राहून हे नवं शिकून आलेली. चुकले असते तर लोक म्हणाले असते, हिला उगाच शिकवलं.

आमची शाळा एका सहकारी संस्थेची आहे. संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी खटपट करून ही यंत्रं आणली. नारळ फुटला, काचेला हळदकुंकू लागलं, खोलीत सतरंजी पडली आणि चपला दाराबाहेर राहिल्या. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे आहेत. कूलरही आहे, पण यंदाही गावाला टँकरचं पाणी, तेव्हा कूलरमध्ये कोण ओतणार? चेअरमनसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर यंत्रं साखर कारखान्याच्या ऑफिसात जातील. आपल्या वस्तीतल्या मुलींना ती पुन्हा बघायलाही मिळणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला कळत होतं.

मागच्या शनिवारी बैठक झाली. चेअरमनसाहेब म्हणाले, "बाई, मला त्यातलं काय कळत न्हाय. पण कारखान्याच्या हापिसात जी चालती, काय ते कोबोल, ती शिकवा. दुष्काळ काय सरंना झालाय. पोरं कामाला तरी लागतील." त्यांचं चुकीचं नव्हतं. कामासाठी वणवण म्हणजे काय हे मी घरात पाहिलं आहे. लातूरहून सल्ला द्यायला येणारे एक तरुण इंजिनिअर आहेत, ते कोबोलच्याही विरुद्ध आणि माझ्याही. मी बेसिक नावाची भाषा म्हणत होते. ते म्हणाले, "मॅडम, बेसिक सोपी आहे, हाच तिचा दोष. मनात येईल त्या ओळीवरून मनात येईल त्या ओळीवर उडी मारता येते. पहिल्यांदा ती सवय लागली की पुढं नीट लिहिणं जमत नाही. हात बिघडतो. पास्कल शिकवा. आधी मांडणी, मग काम."

हात बिघडतो. माय, हे मी आधी ऐकलं होतं. आपल्याच चुलीपुढं.

मोठ्या दुष्काळाचं साल. तू येडशीकडच्या पाझर तलावाच्या कामावरून येतेस, चुलीपुढं बसतेस आणि तळहात पुढं करून बघतेस. टोपल्या वाहून, खोरं धरून फोड आलेत, फुटलेत. त्या हातांनी पीठ मळणं तुला होत नाही, म्हणून तू मला परातीपुढं बसवतेस. पीठ मिलोचं, रेशनवर मिळणाऱ्या त्या परदेशी लाल ज्वारीचं. त्याला विरी नाही. थापायला घेतलं की काठ फाटतात, उचलायला गेलं की भाकर हातातच तुटते. आत्या दारात बसून मिलोतले खडे निवडत असते. ती म्हणते, "अगं वैनी, मिलोवर शिकवतीस व्हय पोरीला? हात बिघडंल तिचा. शाळू येऊ दे की घरात, तवा शिकव." तू म्हणतेस, "शाळू येईस्तवर भूक थांबतीय व्हय, वन्सं?" आणि पिठात उकळतं पाणी ओततेस, म्हणजे गोळा निदान एकत्र राहील. "तळव्याएवढीच थाप. मोठी नगं." मी थापते. तव्यावर पडताना तिचे दोन तुकडे होतात. दादा हसून म्हणतात, "हिच्यात तर भूम यकीकडं अन् कळंब यकीकडं झालंय की!"

आपल्या घरात पहिली भाकर घरधनी म्हणून दादांच्या ताटात जायची. मीही ते तुकडे तिकडंच न्यायला उठले. तू माझ्या हातातून ते घेतलेस आणि माझ्याच पुढ्यात ठेवलेस. "न्हाय. पैली भाकर जिनं थापली तिनं खायची. तिला कळू दे काय झालंय ते." दादांनी मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली. आत्या बोलली, पण तू ऐकलं नाहीस. मी मिठाबरोबर ती भाकर खाल्ली. काठ करपलेले, मध्ये कच्ची. मला कळलं की आच जास्त झाली होती आणि मी मध्ये जाड ठेवली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू म्हणायच्या आत मी परात पुढं ओढली.

आत्या मात्र खोटी नव्हती, हेही मला आठवतं. पुढं पाऊस झाला, घरात शाळू आला. पांढरं, मऊ, चांगल्या विरीचं पीठ. मी मोठ्या ऐटीत त्यात नेहमीसारखं उकळतं पाणी ओतलं आणि सगळा गोळा परातीला चिकटून बसला. तू कधी हात उगारत नसायचीस, पण त्या दिवशी माझं मनगट घट्ट धरलंस. "पीठ बघ आधी! मिलो गेला आता. पीठ बदललं की हात बदलायचा, का जलमभर त्येच करायचं?" मी रडले. इतक्या दिवसांची माझी कमाई एका क्षणात चूक ठरली होती. तू समजूत काढली नाहीस. पण नंतर कितीतरी दिवस, मी भाकरी करायला बसले की तू शेजारी बसायचीस आणि माझा हात त्या गरम पाण्याच्या तपेलीकडं गेला की नुसती माझ्याकडं बघायचीस. हळूहळू तो जायचा थांबला. मग तुला कावीळ झाली आणि तूच गेलीस. मॅट्रिकचा निकाल मी तुझ्याशिवाय आणला, पदवीही.

बैठकीत मी हेच सांगितलं, फक्त चुलीचं नाव न घेता. म्हणाले, कोबोलमध्ये यंत्रानं एक शब्द दाखवावा म्हणून आधी पानभर मथळे लिहावे लागतात. पास्कलमध्ये सगळं लिहून व्हावं लागतं, मग ते यंत्राकडून तपासून घ्यावं लागतं, तेव्हा कुठं कळतं काय चुकलं. आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि लाईट गेली की यंत्र लिहिलेलं सगळं विसरतं. बेसिक यंत्राच्या पोटातच आहे. एक ओळ लिहिली की लगेच तिचं उत्तर. लाईट जायच्या आत मुलीच्या हाती स्वतःचं काहीतरी पडतं. ते पडलं तरच ती उद्या येईल. सर म्हणतात तशी वाईट सवय लागेल, हे मला मान्य आहे. दिवाळीनंतर ती उडीची आज्ञा मी वर्गात बंद करीन आणि पास्कलची मांडणी शिकवीन.

"तोवर लागलेली सवय मोडेल असं वाटतं तुम्हाला?" इंजिनिअरसरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरी काळजी होती.

"शेजारी बसलं तर मोडते," मी म्हणाले.

चेअरमनसाहेबांनी विचारलं, "हे कुठं शिकलात, बाई?" त्याला मी जे उत्तर दिलं ते शेवटी सांगते. मग ते म्हणाले, "बरं. दिवाळीपस्तोर तुमच्या मनासारखं. पर वर्ग रिकामा दिसला तर मी कुणाचं ऐकणार न्हाय."

आज वर्ग भरला. आपल्या विहारामागं राहणारी एक मुलगी सगळ्यांत आधी आली. तिच्या वडिलांनी दिवाळीपर्यंतच परवानगी दिली आहे. तिनं आपलं नाव दाखवायची आज्ञा एकेक अक्षर शोधत लिहिली, पण शेवटचं चिन्ह राहिलं आणि काचेवर 'चूक' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "बाई, म्या मोडलं का?"

"नाही गं. चुकलं एवढंच म्हणतंय ते. कुठं चुकलं ते तूच बघ."

ती बघत राहिली. माझा हात बटणाकडं जात होता, मी तो मागं धरून ठेवला. शेवटी तिला ते सापडलं आणि तिचं नाव काचेवर आलं. मागून मुली रेटू लागल्या. "सरक की गं, आमाला बघू दे!" मी म्हणाले, "थांबा. जिनं लिहिलं तिला आधी बघू दे." तेवढ्यात लाईट गेली. पडदे लावलेल्या खोलीत भर दुपारी अंधार झाला.

"माझं नाव कुठं गेलं?"

"गेलं. पण पुन्हा लिहिता येईल ना?"

बाकीच्या मुली हसत बाहेर पळाल्या. ती तिथंच बसून राहिली आणि बंद यंत्राच्या बटणांवरून तीच ओळ बोटानं पुन्हा पुन्हा लिहीत होती, त्या चिन्हासकट.

दिवाळीत काय होईल मला माहीत नाही. तिची सवय मोडायची वेळ येईल तेव्हा ती रडेल, कदाचित माझ्यावर चिडेल. मला तेव्हा तुझ्याइतकं गप्प बसता येईल का, याचीच भीती वाटते.

हे पत्र मी कुठं टाकणार? तू असतीस तरी काही बदललं नसतं. तुला अक्षर येत नव्हतं, घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हेही मीच वाचलं असतं, तू निखारे मागं ओढत ऐकलं असतंस. आणि एक ओळ मी वाचताना गाळली असती. चेअरमनसाहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात, तेव्हा मी म्हणाले, "पुस्तकात आहे."