आईची काठी आणि मोरीतली बादली

ताई,

आधी बादली. मोरीतल्या निळ्या बादलीत कॉस्टिक सोडा आहे, पाणी समजून हात घालू नकोस.

आता काठी. आई म्हणाली होती ना, "ही दवाखान्याची मळकट काठी घेऊन मी जिन्यात दिसणार नाही"? म्हणून त्या अ‍ॅल्युमिनियमवरचा राखाडी थर सोड्यात उतरवला आणि दोन दिवस घासून आरसा केला. खांदे गेले माझे. वर मेण लावलंय. पुसलीस तर कोरड्या फडक्यानं, नाहीतर चमक जाईल.

(पॉलिश पेपरची पाठ संपली. हा दुसरा तुकडा.)

खरं सांगतो. सोड्यात दहा मिनिटं पुरे होती. पण मी आत आईशी "खाली चल" म्हणून भांडत बसलो आणि अर्धा तास गेला. उंची बदलायची भोकं सोड्यानं मोठी झाली. खटका बसतो, पण भार पडला की सटकतो. आरपार घालायला बोल्ट आणायला चाललोय.

तोवर तिला काठीवर उभी राहू देऊ नकोस. मेण वाळतंय म्हण. माझी चूक कळली तर गेल्या चार महिन्यांसारखी पुन्हा पलंग सोडायची नाही.

(शेवटचा तुकडा.)

सकाळी तिनं काठीत बघून केस सारखे केले. मग विचारलं, "माझ्या चपला कुठायत रे?"

बोल्ट नाही मिळाला, तरी संध्याकाळी तिला जिना उतरवूच. काठी एका हातात नुसती मिरवू दे, दुसरा हात तू धर. मी तिच्यापुढे एक पायरी खाली राहीन.