डाव्या भुवईवरची गाठ आणि माझी सफाई

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (तुझी भाची मांडीवर झोपली आहे, त्यामुळे तो बसल्या जागीच मानून घ्यावा). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे बरे आहेत, बरा नाही तो मीच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे वाक्य जरा लाजिरवाणं आहे.

मुलीच्या डाव्या भुवईवर जन्मापासून पिवळसर गाठ आहे, हे तू पाहिलंच आहेस. अशी गाठ फार थोड्या बाळांना असते, तिच्यापासून अपाय नसतो, बहुतेकदा आपोआप विरते, असं प्रसूतीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. बायको निश्चिंत झाली. मी पडलो फोटोग्राफर. बावीस वर्षं लोकांचे मुरूम आणि व्रण पुसून पोट भरतोय (एका वकिलांची दुसरी हनुवटी अशी काही घालवली, की ते स्वतःलाच ओळखेनात). हात शिवशिवले. रोज मुलीचा एक फोटो काढायचा, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर गाठ पुसायची आणि छापून अल्बममध्ये लावायचा. बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, उजेडच तसा पडतो. चार महिन्यांत शंभरावर फोटो झाले. मूळ फोटो मात्र कॉम्प्युटरात जागा होईना म्हणून उडवले. माझ्या व्यवस्थितपणाचं तू लहानपणापासून कौतुक करतेस, म्हणून सांगितलं.

परवा मुलीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून गाठ पाहिली, पट्टीने मोजली आणि विचारलं, "जन्मतः एवढीच होती, की वाढली?" बायको म्हणाली, वाढली. मी म्हणालो, एवढीच होती. "मग फोटो असतीलच." मी मोठ्या ऐटीत बरोबर नेलेला अल्बम पुढे केला. बाईंनी बरीच पानं उलटली, मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे दुसरं बाळ आहे का?"

मी माझा धंदा सांगितला. बायकोने अल्बम मिटला. काळजीचं कारण दिसत नाही, पण गाठ किती वाढली ते कळलं नाही, तर खात्रीसाठी तिचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल, असं बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांनी बोलावलंय. बसमध्ये बायको एवढंच म्हणाली, "मोठी झाल्यावर ती हा अल्बम बघेल, तेव्हा तिने काय समजायचं?"

तुझा शहाणा धाकटा भाऊ

ता. क. : जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तू दवाखान्यात मोबाइलवर तिचा एक फोटो काढला होतास. 'हात स्थिर राहत नसेल तर राहू दे' असं मी तुला सगळ्यांदेखत म्हणालो होतो. तो अजून असेल तर पत्र मिळताच पाठव. त्यात गाठ नक्की असेल. काहीही सुधारू नकोस.

ता. क. २ : त्यात शेजारी मीही आहे, तोंड वेडंवाकडं करून रडताना. तेवढा भाग कापून पाठव, असं मी इथे लिहिलं होतं. बायकोने ते खोडलं. परवाच्या बसनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, "सगळाच येऊ दे."