कावळा शिवला नाही म्हणून

जितूभाऊजी,

दहाव्याला ताप्तीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडलेत. "दादा, तू देव मानला नाहीस, तुझा जन्म वाया गेला. तुझ्या नावानं मी वर्षभर अभिषेक करतो, आता तरी मोकळा हो." लोकांनी माना डोलावल्या.

मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत मी स्वर्गाची चित्रं रंगवलेली. देवापुढे दिवा मी आजही लावते. लग्नानंतर मी यांना चिडवायचे, "तुम्हाला वर कोण घेणार?" ते हसायचे. "मला कुठं जायचंय? घाटावर पोरं वाट बघत असतील."

त्याच घाटावर त्यांनी सिंधीपुऱ्यातल्या कितीतरी पोरांना पोहायला शिकवलं. तुमची लेक रोहिणीही तिथंच शिकली. पुरात होडी उलटली आणि ती हात मारत काठाला लागली, तेव्हा तुम्ही रडत यांचे पाय धरलेत. तेव्हा नाही वाटलं, भाऊजी, हा जन्म वाया चाललाय म्हणून?

सकाळी ते गच्चीवर कावळ्यांना भाकरी कुस्करून टाकायचे. "भूक लागते म्हणून येतात," म्हणायचे, "कुणाचे बाप म्हणून नाही." आज मी टाकली. सगळे आले. मी एकालाही यांच्या नावानं हाक मारली नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या तेरावं आहे. तुम्ही चारचौघांत बोललात, मीही चारचौघांतच सांगेन: त्या अभिषेकात यांचं नाव घ्यायचं नाही.

तुमची,
वहिनी